नाना खोलीत गेले नव्हते

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांचा कोर्टाचा शर्ट दोरीवर वाळत घालत होते. पांढरा, कॉलरला जरा पिवळट झालेला. तारीख पुढच्या आठवड्यात होती आणि या वेळी नानांची साक्ष नक्की होईल, असं वकील म्हणाले होते. आमचे हे नगरच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ होते. फोनवर ते नुसतं "नाना..." म्हणाले. मला कळलं. शर्टाच्या बाह्या सरळ केल्या, चिमटे लावले, आणि मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता तारखेला कोण जाणार? घरातलं माणूस गेल्यावर असलं काही आधी मनात येऊ नये. पण आलं.

नाना माझे थोरले दीर. आमच्याकडं धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, सरळ बोलायचं नाही. जाऊबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या तोंडून जायचे, म्हणून अडलं नाही. त्या वारल्या आणि नानांचं ताट मी वाढायला लागले. मग बोलायचं कसं? घरात एक करडी मांजर होती, अजून आहे. नाना ओसरीवर जेवायला बसले की तिला सांगायचे, "मने, घरात सांग, कालवणात मीठ लई झालंय." मी आतून म्हणायचे, "मने, त्यांना सांग, ताक आणते." आमचे हे हसायचे. "ही मांजर मेली तर तुमी दोघं उपाशी मरताल," म्हणायचे. नाना मांजरीकडं बघूनच उत्तर द्यायचे, "ऐकलंस का मने, तुझ्या जिवावर उठलाय." आमचं सगळं बोलणं असं मनीच्या मार्फत झालं. पंचनाम्याचं जे मला कळलं, तेही तसंच.

नाना रोज सकाळी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसायचे. पोलिसांना कुठं झडती घ्यायची असली, अपघाताचा पंचनामा करायचा असला, की गावातली दोन माणसं पंच म्हणून लागतात. पंचांनी जागेवर जाऊन सगळं डोळ्यांनी बघायचं आणि मग कागदावर सही करायची, असा नियम आहे. पोलिसांची गाडी दिसली की बाकीची माणसं बांधावरून दुसरीकडं वळायची. नाना बसून राहायचे. त्यांना सही करता येत होती आणि कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. विहिरीत पडलेलं माणूस असो की उलटलेला टेम्पो, खाली नानांची सही असायची. गावात त्यांना 'सरकारी नाना' म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. आधी ते जागेवर जायचे. पुढं ओळख वाढली तसे हवालदारच हॉटेलात कागद आणू लागले. "नाना, तुमी कशाला उन्हात येता? आमी बघून आलोय. सही तेवढी करा." नानांना तो आपला मान वाटायचा. वर चहा पोलिसांनाच पाजायचे.

फाट्याच्या मागं एका खोलीत पाथर्डीकडचा सोपान बायकोला घेऊन राहायचा. शेजारीच छोटं दुकान टाकून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात मोटारींची फार चोरी झाली, लोक चिडले होते आणि पोलिसांवरही वरून दबाव असणार. एके दिवशी त्यांनी सोपानच्या खोलीची झडती घेतली. खाटेखाली पोत्यात लपवलेली, चोरीच्या मोटारींतली तांब्याची तार सापडली, असा पंचनामा झाला. त्यावर एक सही नानांची होती, चहा पिता पिता केलेली. दुसरी हॉटेलवाल्याची, त्यानं गल्ल्यावर बसूनच केली. सोपानला घेऊन गेले.

काही दिवसांनी त्याची बायको मीरा आमच्या दारात आली. नाना ओसरीवर होते. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. ती पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, तुमी आत आलाच न्हवता ना? मी दारातच हुते."

नाना खाटेवरून उठून उभे राहिले.

"कागदात तुमचं नाव हाय, म्हणून इचारलं," ती म्हणाली. मी पाणी घेऊन बाहेर आले तोवर ती निघून गेली होती.

त्या संध्याकाळी नाना जेवले नाहीत. मनी ताटाजवळ येऊन बसली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढं टाकला. मग म्हणाले, "मने, तार हुती का न्हवती, मला काय ठावं? मी पाहिलं न्हाई, एवढंच मला ठावं हाय. आन् सही तर पाहिलं म्हणून केली." आत माझे हात पिठात होते. मनीजवळ परत काय निरोप द्यावा ते मला सुचलं नाही... आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली. नाना म्हणाले, मी खोलीत गेलो नव्हतो, तसं लिहून घ्या. साहेब म्हणाले, "आता काय लिहिणार नाना? सही तुमची आहे. खोटी सही केली म्हणता, तर आधी तुमच्यावरच येईल. घरी जा, आराम करा." नाना घरी आले, पण आराम काही केला नाही. सोपानच्या वकिलांनी त्यांना सांगितलं की कोर्टात साक्षीला बोलावतील तेव्हा खरं सांगा, ते चालतं. शिवाय पोलिसांच्या विरुद्ध तक्रार ऐकायला वरती एक कचेरी असते, तिथंही अर्ज करता येतो. नानांनी अर्ज केला. फार दिवसांनी आमच्या अंगणात मोटारसायकल थांबली. ज्यानं हॉटेलात कागद पुढं केला होता तोच हवालदार उतरला. हसत होता, पण तोंड ओशाळं होतं. "नाना, तुमच्या अर्जाची चौकशी फिरत फिरत माझ्याकडंच आली बघा. जबाब लिहून द्या." नानांनी त्याच्याकडं खालीवर पाहिलं. मग मनीला म्हणाले, "मने, घरात सांग, चहा ठेवा. चौकशीवाले आलेत." हवालदारही हसला. चहा प्याला, जबाब घेतला, गेला. त्या अर्जाचं पुढं काही कळलं नाही. विचारलं की एकच उत्तर यायचं, चौकशी चालू आहे.

गावाला ही गोष्ट आवडली नाही. ज्यांच्या मोटारी गेल्या होत्या त्यांना चोर सापडलेलाच हवा होता. नाना हॉटेलात गेले की कुणीतरी म्हणायचं, "सरकारी नाना फितूर झाले." दुसरा विचारायचा, "पाथर्डीची बाजरी गोड लागली का काय?" हॉटेलवाला मान खाली घालून कपबश्या धुवायचा. त्याला नानांनी एकदाच विचारलं, तू तरी आत गेला होतास का. तो म्हणाला, "नाना, मला इथं धंदा करायचाय." त्यानंतर नाना हॉटेलात बसले नाहीत. सकाळी ओसरीवरच बसायचे. एक नवीनच सवय त्यांना लागली होती. कुणी काही सांगितलं की ते उठून बघून यायचे. गोठ्यात म्हैस सुटली म्हटलं तरी आणि टाकी भरली म्हटलं तरी. आमचे हे वैतागायचे, "आरं, मी सांगतोय ना." नाना म्हणायचे, "तू सांगितलंस. मी कुठं पाहिलंय?"

मग तारखा सुरू झाल्या. सोपान जामिनावर सुटला होता, पण खोली आणि दुकान दोन्ही गेलं. ते नवरा-बायको ऊसतोडीला जायला लागले होते. तारखेला तो कुठून कुठून एसटीनं यायचा. नाना पांढरा शर्ट घालून निघायचे. आदल्या दिवशी मनीला सांगायचे, "भाकरी दोन जास्त बांधा म्हणावं." एकदा आमचे हे बरोबर गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं की नाना आणि सोपान कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खातात आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. कधी जजसाहेब नसायचे, कधी सरकारी वकील, कधी वेळच संपायची. पुढची तारीख. एका तारखेहून नाना जरा हसत आले. वकिलांनी सांगितलं होतं की आता नवा कायदा आलाय, झडती घेताना मोबाईलवर चित्रीकरण करावं लागतं. मनीला म्हणाले, "बरं झालं. माणूस न्हाई आत गेला, तरी मोबाईल तरी जाईल." आणि मग कितीतरी वेळ मनीच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

दवाखान्यात मी त्यांना एकदाच भेटले. नाकात नळी होती. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून खाटेच्या पायाशी उभी राहिले. तिथं मनी नव्हती. नानांनी इकडं तिकडं बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलले, "तुमी ऐकलंय ना समदं?"

मी म्हणाले, "व्हय."

त्यांनी डोळे मिटले. आमच्यात झालेलं समोरासमोरचं बोलणं तेवढंच.

दहावा झाल्यावर आम्ही वकिलांकडं गेलो. ती तारीख पुढं ढकलली गेली होती. माझ्या अंगात इतका धीर कुठून आला माहीत नाही, पण मी म्हणाले, मी सांगते कोर्टात. वकील भले माणूस. त्यांनी विचारलं, "नाना तुम्हाला काय म्हणाले होते?" मी म्हणाले, "मला नाही, मांजरीला म्हणाले. मी आत होते." आमचे हे खाली बघायला लागले. वकील हसले नाहीत. म्हणाले, "ताई, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं कोर्टात चालत नाही. खोलीत कोण गेलं, कोण नाही, ते तुम्ही पाहिलेलं नाही." ते खरंच होतं. मी पाहिलं नव्हतं. वकील पुढं म्हणाले, पंच हयात नसला तर ज्यानं पंचनामा लिहिला तो पोलीस साक्ष देतो, ही सही नानांचीच आहे म्हणून सांगतो. म्हणजे आता नाना नाहीत आणि त्यांची सही आहे...

परवा दुपारी नानांच्या नावाचं समन्स घेऊन एक पोलीसबाई आली. वयानं लहान, बदलून नवीनच आलेली. हे शेतात होते. ती अंगणातूनच म्हणाली, "नाना आहेत का?" मी सांगितलं, ते वारले. "अरेरे," म्हणाली, आणि गाडीच्या सीटवर कागद ठेवून उभ्या उभ्या लिहायला लागली. लिहून झाल्यावर माझ्यापुढं धरला. "इथं सही करा, मावशी." मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावत वाचलं. घरात जाऊन खात्री केली, असं त्यात होतं.

मी म्हणाले, "आत या."

"कशाला मावशी? तुम्ही सांगितलं की."

"न्हाई. एकदा आत या."

तिला उशीर होत असणार. तरी तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, बूट दाराशी काढले आणि आत आली. भिंतीवरचा नानांचा हार घातलेला फोटो पाहिला. ओसरीवरची रिकामी खाट पाहिली, उशाशी घडी करून ठेवलेला पांढरा शर्ट पाहिला. मग मी सही केली. सोपानचं त्यानं काही होणार नव्हतं, ते मला कळत होतं.

ती गेल्यावर सवयीनं ताट वाढायला घेतलं. मनी खाटेवर शर्टाशेजारी बसली होती. मी दाराआडून म्हणाले, "मने, त्यांना सांग, आत येऊन बघून गेली."