वाळूवर फेट्याची सावली

सदाशिव माळवदे याला एका तेल कंपनीनं फसवलं. अरबस्तानातल्या वाळवंटात चार हिवाळे फिरून फोटो त्यानं काढले आणि छापताना कंपनीनं त्यांखाली आपल्या साहेबाचं नाव घातलं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आधी त्याचे गुण सांगतात, हे मला माहीत आहे. पण नुसते गुण सांगून मोकळं व्हायची मला लाज वाटते, म्हणून हे आधी लिहिलं. सदू जाऊन सहा आठवडे झाले. शाहूपुरीत माझं तसबिरी मढवायचं दुकान आहे, तिथंच मला ते कळलं. एक गिऱ्हाईक आलं होतं, चौकटीच्या भावावरून आमची हुज्जत चालली होती, आणि बोलता बोलता तो म्हणाला, “तुमचा त्यो फोटोवाला दोस्त गेला की. सकाळीच नेलं त्याला.” मी हुज्जत सोडली. त्यानं मागितली त्या भावात चौकट दिली. दोन वर्षं सदूचं आणि माझं बोलणं नव्हतं…

आमची ओळख जोतिबाच्या डोंगरावरची. मी तेव्हा पायऱ्यांवर बसून देवाच्या तसबिरी विकत असे आणि सदू कोल्हापुरात एका सिनेमा स्टुडिओत रिटचिंग करत असे. एकदा त्यानं माझ्याकडची तसबीर उचलली, उन्हात तिरकी धरली आणि छपाईतली खोट दाखवून भाव पाडून मागितला. मी संतापलो. तासभर भांडलो आणि खाली एकाच बैलगाडीतून आलो. त्याचं काम मी पुढं पुष्कळदा पाहिलं. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीनं नको असलेली जागा ठिपक्या-ठिपक्यांनी भरत जायची. नटीच्या गालावरचा व्रण तो असा घालवायचा की तिच्या आईलाही तो कुठल्या गालावर होता हे सांगता येऊ नये. पुढं मी दुकान घातलं. रोज संध्याकाळी तो येई, दारातल्या स्टुलावर बसे आणि मी गिऱ्हाइकांशी कसा बोलतो ते ऐकत हसत राही.

इंग्रज गेले त्यानंतरच्या साली स्टुडिओतलं काम संपलं. एका तेल कंपनीची तुकडी अरबस्तानात जमीन तपासायला जाणार होती, तिला फोटो धुणारा माणूस हवा होता. सदू गेला. तीन बाजूंना समुद्र आणि मध्ये नुसती वाळू, असा तो मुलूख. फोटो काढायला कंपनीचा साहेब होता, पण पहिल्याच महिन्यात त्याचे डोळे आले आणि तो तंबूतच राहू लागला. लॉरीबरोबर कॅमेरा घेऊन सदू जायला लागला. हे सगळं त्यानं मला पत्रांतून कळवलं होतं. पत्रं मी ठेवली नाहीत. दुकानदार माणूस, बिलं तेवढी ठेवतो.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं मला बारा फोटो पाठवले. तंबूत रात्रपाळी करून, उरलेल्या कागदावर छापलेले. पाण्याच्या पिंपांची रांग, एका विहिरीभोवती बसलेले उंट, रुतलेली लॉरी आणि तिच्या चाकाखाली पोती घालणारे चार अरब. एकात तर काहीच नव्हतं, टायरचे दोन माग तेवढे निघाले होते ते आभाळाला टेकेपर्यंत. आता तिथं म्हणे डांबरी रस्ते आहेत, विजेचे दिवे आहेत, बंदर आहे. तेव्हा ते असं होतं, हे सदूनं पाहिलं. पण मी त्या दिवशी पाहिली ती खोट. प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला काढणाऱ्याची लांब सावली पडलेली. मी त्याला लिहिलं, इतकी वर्षं धंद्यात काढून सूर्य पाठीशी घेतल्यावर सावली पडते हे तुला कळत नाही का, असले फोटो दुकानात लावून माझं हसं करून घेऊ का. त्याचं उलट एका ओळीचं पत्र आलं. सावल्या काढून टाकतो, म्हणून. आणि त्यानं त्या काढल्या. कंपनीकडं निगेटिव्ह जायच्या आधी एकेक घेऊन, पेन्सिलीनं वाळूचा कण न् कण भरून काढल्या. माझ्याकडच्या फोटोंचं काम मी केलं. चौकटीत बसवायला आम्ही फोटो कापतोच, मी पट्टी ठेवून अकरा फोटोंच्या खालचा भाग कापून टाकला. बाराव्यात सावली इतकी वर चढली होती की कापली तर फोटोच उरेना. तो मी बाजूला टाकला.

चार हिवाळ्यांनी सदू परत आला, रापलेला आणि कमी बोलणारा. पुन्हा स्टूल सुरू झालं. अकरा फोटो भिंतीवर होते, ते तो बघायचा, पण त्यांबद्दल बोलायचा नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, एवढ्या लांब राहून आलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं. मग काही वर्षांनी एक गिऱ्हाईक कंपनीचं कॅलेंडर घेऊन आलं, त्यातलं चित्र मढवून हवं होतं. पहिलंच पान विहिरीवरच्या उंटांचं. खाली साहेबाचं नाव. मी त्याला दुसरी तसबीर फुकट मढवून दिली आणि कॅलेंडर ठेवून घेतलं. संध्याकाळी सदू आला तेव्हा त्याच्या मांडीवर टाकलं. तो पानं उलटत बराच वेळ बसला आणि म्हणाला, “छपाई झ्याक हाय की.”

मला राहवलं नाही. मी त्याला घेऊन मुंबईला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला अधिकारी आमच्यासारखाच देशी माणूस होता. त्यानं चहा मागवला, मोठा अल्बम पुढं ठेवला आणि मऊ आवाजात विचारलं, पुरावा काय? मी भिंतीवरचे फोटो बांधून नेले होते ते काढले. तो म्हणाला, माळवद्यांकडं धुण्याचं काम होतं, तेव्हा फोटो त्यांच्याकडं सापडले तर त्यात नवल नाही. माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी सगळ्या फोटोंवर सदूचं नाव मागितलं. तो मान हलवत राहिला. मग मी निम्म्यांवर आलो. मग पाचांवर. शेवटी म्हणालो, बरं, एकावर तरी घाला, तो उंटांचा. आयुष्यभर हेच करत आलो, दुसरं येत नाही मला. सदू उठून बाहेर गेला. फुटपाथवर मी त्याला गाठला तेव्हा तो म्हणाला, “शिवा, माझं नाव काय कांदं हाय व्हय, भाव करायला?”

मीही काही कमी बोललो नाही. तुझ्यासाठी घसा फोडला आणि तू तोंड शिवून बसलास, म्हणालो. आणखी वाईट बोललो, ते इथं लिहीत नाही. परतीच्या प्रवासात आम्ही एकाच बाकावर बसून दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो. त्यानंतर तो दुकानात आला नाही. संध्याकाळी समोरच्या फुटपाथनं जाताना दिसे. मी चौकट ठोकत मान खाली घाली. तो आधी येईल असं मला वाटायचं, आणि त्याला काय वाटायचं ते आता कुणाला विचारू? स्टूल मात्र मी कुणाला बसायला दिलं नाही. गिऱ्हाइकांना उभं ठेवलं.

पंधरा दिवसांपूर्वी सदूच्या बायकोनं, अनसूया वहिनींनी, जोतिबाची तसबीर दुकानात आणली. माणसं येऊन गेली त्या गडबडीत खाली पडून काच तडकली होती. सदू वाळवंटात असताना मीच ती मढवून दिली होती. मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला, आणि पुठ्ठ्याआड तो बारावा फोटो निघाला. पुठ्ठा पातळ पडला की आम्ही मागं टाकाऊ कागद घालतो. मीच घातला होता. रिकामी वाळू, आणि तिच्यावर सकाळची लांब सावली. कॅमेऱ्याची तिपाई, शेजारी ताठ उभा माणूस, एक हात कॅमेऱ्यावर, डोक्याला कोल्हापुरी फेटा आणि खांद्यावर सुटलेला शेमला. वहिनी जवळ येऊन बघत राहिल्या.

“ही सावली त्यांनी मुद्दाम घेतलीया, भावोजी,” त्या म्हणाल्या. “मला सांगायचे. तिथं मराठी बोलायला कुणी न्हवतं. फोटो काढायच्या टायमाला वाळूवर फेटा दिसला की वाटायचं, आपल्यातलं कुणीतरी आलंय. तुमचं पत्र आल्यावर मग पुसल्या म्हणं सगळ्या.”

मी खाली बसलो. स्टुलावरच बसलो, दुसरं काही जवळ नव्हतं.

तो फोटो आता मी मढवला आहे, एक सूतभरही न कापता. स्टुलाच्या वर लावला आहे. दुपारी दुकानात कुणी नसतं तेव्हा आम्ही दोघंच असतो. कुणी कितीही भाव दिला तरी तो विकायचा नाही. अकरा सावल्या मी कापल्या. ती माझी चूक, आणि नावागावासकट ती मी इथं लिहून दिली आहे. आता मुंबईतल्या त्या मऊ आवाजाच्या अधिकाऱ्यानं बोलावं. त्यानं पुरावा मागितला होता, तो शाहूपुरीत भिंतीवर आहे, कधीही येऊन पाहावा. मागच्या वेळी मी सगळ्यांवरून एकावर उतरलो, या वेळी एकही कमी करणार नाही. मला एवढंच सांगा, साहेब… तुमचा फोटोवाला डोळे धरून तंबूत पडला होता, तर कॅमेऱ्यावर हात ठेवून, फेटा बांधून उन्हात उभा आहे तो कोण?