मारत तर न्हाय ना?

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा तिला कधीच मारत नसे. ही गोष्ट आमच्या घरात पदवीसारखी मिरवली जायची. सरकारी कचेरीत कारकून, दारू नाही, पत्ते नाहीत, आणि बायकोवर हात उचलत नाही. टेमघरच्या आमच्या दोन खोल्यांत येईल त्याला आई सांगायची, "जावई देवमाणूस हाय." आम्ही बौद्ध, देव मानत नाही, पण जावयापुरती आईने सवलत घेतली होती.

हा देवमाणूस रोज सकाळी ड्युटीला निघताना ताईच्या चपला पिशवीत घालून घेऊन जायचा.

मला हे कळलं ते तिच्या लग्नाच्या चौथ्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली. दुपारी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, चल, बाजारातून फिरून येऊ. ती आधी डोकं दुखतं म्हणाली, मग पाहुणे येणार म्हणाली, मग खरं सांगितलं. मला हसूच आलं. ती हसली नाही.

"कुलूप लावलं तर शेजारी विचारतील," ती म्हणाली. "चपला नेल्या तर कोण विचारतंय? कारकुनाची बायको अनवाणी बाहेर पडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे."

मी माझ्या चपला तिला दिल्या आणि अनवाणी घरी आले. दुसऱ्या दिवशी भावोजींच्या पिशवीत दोन जोड गेले.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मारत तर न्हाय ना?"

"नाही."

"संध्याकाळी परत आनतो ना?"

"आणतो."

"मग झालं तर."

पुढे ताईची दाढ सुजली. भावोजी म्हणाले, रविवारी डॉक्टरकडे नेतो. रविवारी त्यांना वस्तीच्या सभेत स्त्रियांच्या प्रगतीवर भाषण होतं. ते द्यायला गेले, चपला घेऊनच. सोमवारी ते ड्युटीवर गेल्यावर ताईने पदर गालावर धरला आणि अनवाणीच निघाली. धामणकर नाक्यावरून, रिक्षा आणि हातगाड्यांमधून वाट काढत, मी टायपिस्ट होते त्या वकिलांच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. तळवे काळे झाले होते.

आमचे वकीलसाहेब कोकणी मुसलमान, वयस्कर, बोलण्यात मऊ. त्यांनी आधी तिला दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. परत आल्यावर समोर बसवून सगळं ऐकून घेतलं.

"नवीन कलम आलंय," ते म्हणाले. "नवऱ्याच्या छळाचं. त्यात आता शरीराबरोबर मनाचाही छळ धरलाय. पण तो साधासुधा चालत नाही. बाई जीव द्यायला निघेल इतका पाहिजे, नाहीतर तब्येतीला, मनाला गंभीर धोका पाहिजे. बेटी, तुला कधी जीव द्यावासा वाटला?"

ताईने विचार केला. "मी कशाला देऊ? त्याचा घ्यावासा वाटला. दोनदा."

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "हे टाइप करू नकोस."

मी केलं होतं. कागद बदलावा लागला.

मग आम्ही दोघी अर्ज घेऊन पोलिसांत गेलो. हवालदाराने ताईची सूज बघितली आणि उत्साहाने पेन उघडलं.

"कशाने मारलं?"

"दाढ आहे," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. अर्ज वाचून तो म्हणाला, "चपलांचं काय लिहू? चोरी म्हणावी तर विकत घेऊन दिल्या त्यानेच. असं करा, सूज आहेच तर मारलं म्हणून लिहू. केस मजबूत होईल."

मला मोह झाला. मी ताईचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"त्याने मारलेलं नाही. जे केलंय ते लिहा."

"बाई, इथे रोज डोकं फुटलेल्या बाया येतात."

"त्यांचं लिहिता ना? मग माझंही लिहा."

हवालदाराने भावोजींना बोलावून घेतलं. ते कचेरीतून तडक आले, इस्त्रीच्या शर्टात. बसताच त्यांनी समजावलं, की बायको जरा हट्टी आहे, कुणी मारलेलं नाही, हवं तर डॉक्टरला दाखवा. हवालदाराने पिशवी मागितली. तीतून जेवणाचा डबा निघाला आणि डब्याखालून, पेपरात नीट गुंडाळलेल्या, तिच्या चपला.

हवालदाराने डबा उचलून बाजूला ठेवला. "डब्यासोबत?" एवढंच त्याने विचारलं.

गुन्हा दाखल झाला नाही. वहीत चार ओळींची नोंद झाली आणि भावोजींना समज मिळाली. ताई मात्र त्यांच्याकडे परत गेली नाही. आमच्याकडे राहिली, बालवाडीत शिकवायला लागली आणि घटस्फोटाचा दावा लावला.

दावा नव्वदच्या दशकापर्यंत रखडला. समोरचा वकील दर तारखेला विचारायचा, "जखम कुठे आहे?" शेवटच्या न्यायाधीशांनी भावोजींनाच विचारलं, "चपला का नेत होतात?"

"काळजीपोटी, साहेब."

"मग स्वतःच्या चपला घरी ठेवून का नाही गेलात?"

भावोजींनी पाणी मागितलं.

घटस्फोट मंजूर झाला, आणि निकालात मानसिक क्रूरता असा शब्द आला. तोवर वरच्या कोर्टांतही तो रुळू लागला होता, असं वकीलसाहेब म्हणाले.

घरी येऊन ताईने निकाल वाचून दाखवला. आईने दोनदा अर्थ विचारला. ताईने सांगितलं, की अंगाला हात न लावताही माणसाला छळता येतं, आणि कोर्ट आता ते मानतं. आई समोर पेपर वाचणाऱ्या बाबांकडे बोट करून म्हणाली, "तू झालीस तवा पोरगी झाली म्हनून ह्ये दोन वर्सं माझ्याशी बोलले न्हाईत. जेवाय बसले की भिंतीला सांगायचे, वाढ म्हनून. ह्ये बसतंय का त्यात?"

"बसतं," ताई म्हणाली.

बाबा उठले, सदरा घातला आणि फिरायला गेले. आई मग बोलतच राहिली. कित्येक वर्षांचं होतं, आम्ही दोघींनी ऐकून घेतलं. बाबा जेवायच्या वेळी परतले. आत जाऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं, आणि बसण्याआधी आईला विचारलं, "तुझं वाढू?"

"वाढा," आई म्हणाली. "भाकर एकच."