अण्णांचा दहावा आणि भावोजींचा ड्रोन

आमच्या अण्णांनी उभ्या आयुष्यात कोणाला आग्रहाचं निमंत्रण दिलं नाही. जे एकमेव दिलं ते स्वतःच्या दहाव्याला, फोनमधल्या यच्चयावत लोकांना, एकदम.

यात अण्णांचा दोष नव्हता. दोष माझा होता आणि थोडा भावोजींचा. (भावोजी म्हणतील, सगळा तुझाच. म्हणून हा मजकूर त्यांना दाखवणार नाही.)

अण्णा म्हणजे माझे वडील. ते गेले वर्तकनगरच्या आमच्या घरी, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. भेटायला आलेला प्रत्येक जण "किती छान मरण!" म्हणून गेला, काही जणांच्या आवाजात तर चक्क हेवा होता. आईला मात्र ते छान वाटलं नाही. त्या दुपारी तिने चहाचं विचारलं होतं. अण्णा "नको" म्हणाले. चहाला नको म्हणणं हा अण्णांचा रुसवा असे. आई वैतागून म्हणाली, "मग बसा तसेच!" आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा ते तसेच बसले होते.

तेव्हापासून ती मला एकच विचारत होती. "श्री, रागावून गेले का रे ते?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आहे. कुठलीही माहिती कोणत्या पुस्तकात सापडेल ते सांगतो. हे कुठल्या पुस्तकात बघणार?

"दहाव्याला कळेल," ती स्वतःच म्हणाली. "कावळा शिवला, तर राग नव्हता."

कावळ्याच्या साक्षीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण आईचा होता आणि प्रश्न तिचा होता. तेव्हा कावळ्याने भाताला चोच लावावी, एवढंच आम्हाला हवं होतं. त्यासाठी गुरुजींनी आंबिवलीजवळचा, नदीकाठचा एक छोटा घाट सुचवला.

"वर्तकनगरात हल्ली कावळे उरलेत कुठे?" गुरुजी म्हणाले. "सगळी कबुतरं. कबुतर चालत नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग भावोजी बोलले.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंबिवलीत राहतात, स्वतःच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि चहा मागतानासुद्धा सभेला उद्देशून मागतात. माझा धाकटा भाऊ मिलिंद कॅनडाला असतो. त्याला येता येत नव्हतं. ताई म्हणाली, "त्याला व्हिडिओ कॉल लावू." भावोजींना ते फार किरकोळ वाटलं.

"नुसता व्हिडिओ कॉल? अगं, सासरे होते माझे! मिलिंदला सगळं वरून दिसलं पाहिजे. नदी, घाट, आप्तेष्ट. माझा ड्रोन आणतो."

"सुतकात नवी वस्तू वापरू नये," आत्या म्हणाली. ही अण्णांची धाकटी बहीण.

"नवी नाहीये हो. सोसायटीच्या वर्धापनदिनाला उडवलेला आपण."

हा ड्रोन त्यांनी एका प्रदर्शनातून घेतलेला. त्या प्रदर्शनात लोणची, पैठण्या आणि कंबरदुखीचे पट्टे मिळतात. वर्धापनदिनानंतर भावोजींनी फोन बदलला होता आणि नव्या, महागड्या फोनने ड्रोनचं ॲप घ्यायला साफ नकार दिला. ॲप अधिकृत दुकानात नव्हतंच. खोक्यावर एक काळा-पांढरा चौकोन होता. तो स्कॅन केला की कुठलीशी वेबसाइट उघडायची आणि तिथून ॲप थेट फोनमध्ये उतरवायचं.

"भावोजी, असली ॲप घेऊ नयेत," मी म्हणालो. आमच्या कौटुंबिक ग्रुपवर खोट्या लिंकांपासून सावध करणारे लांबलचक संदेश मीच टाकतो. (ते कोणी वाचत नाही, हे मला नंतर कळलं. एका अर्थी बरंच झालं.)

"राहू दे रे. हे तुझ्यासारख्या पुस्तकी माणसाचं कामच नाही," भावोजी म्हणाले.

झालं! मी खोकं ओढून घेतलं.

माझ्या फोनवर ॲप उघडायच्या आत बंद पडलं. ताईच्या फोनवर नुसता पांढरा पडदा आला. उरला अण्णांचा फोन. जुना, संथ आणि कोऱ्या वहीसारखा स्वच्छ. अण्णांनी त्यावर आयुष्यात एकही अनोळखी लिंक उघडली नव्हती. बँकेतून खरोखर फोन आला तरी ते "मी ओळखत नाही तुम्हाला" म्हणून ठेवून द्यायचे. त्या फोनवर ॲप मुकाट्याने बसायला तयार झालं.

फोनने मात्र अण्णांच्याच सुरात विरोध केला. हे ॲप अज्ञात ठिकाणाहून आले आहे. मी म्हटलं, असू दे. हे ॲप तुमच्या उपकरणाला हानी पोहोचवू शकते. मी "तरीही पुढे जा" दाबलं. मग ॲपने कॅमेरा मागितला, दिला. ठिकाण मागितलं, दिलं. माईक, फोनबुक, मेसेज पाठवायची परवानगी, सगळं दिलं. ड्रोनला फोनबुक कशाला लागतं, हा प्रश्न मला पडला होता. पण ॲपमधलं मराठी इतकं अगम्य होतं, की मला ते सरकारमान्यच वाटलं!

बराच वेळ "विमान सापडले नाही" असं येत राहिलं. विमान माझ्या मांडीवर होतं. भावोजींनी बॅटरी काढून, फुंकर मारून परत घातली. मी फोन बंद करून चालू केला. शेवटी पाती फिरली, ड्रोन हॉलमध्ये वर उठला, डावीकडे वळला आणि अण्णांच्या फोटोच्या चंदनी हारात अडकला.

"अण्णांना आवडलेलं दिसत नाहीये," ताई म्हणाली.

"सिग्नल चांगला आहे," भावोजी म्हणाले.

दहाव्याला सकाळी आम्ही घाटावर पोचलो. मी ओल्या पंच्यात, डोक्याचा गोटा, बोटात दर्भाचं पवित्रक. विधी झाले, पिंड मांडले आणि आम्ही मागे सरलो. समोरच्या पिंपळावर कावळे असे दाटीने बसलेले, जणू आम्हीच उशिरा आलो होतो. आई खुर्चीवर बसून पिंडाकडे एकटक बघत होती. एक कावळा खालच्या फांदीवर उतरला. मग जमिनीवर. मग पिंडाकडे दोन उड्या.

आणि भावोजींनी ड्रोन उडवला.

कावळा गेला. झाड रिकामं झालं. पुढच्याच क्षणी सगळे कावळे परत आले, पण पिंडाकडे नाही, ड्रोनवर! वर घरघर, काव काव आणि काळं वादळ. खाली ताई स्वतःचा फोन अण्णांच्या फोनसमोर धरून मिलिंदला पडद्यातला पडदा दाखवत होती.

"काय दिसतंय रे?" तिने विचारलं.

"एक पांढरा गोल दगड," कॅनडातून आवाज आला. "हलतोय."

तो दगड म्हणजे मी.

"भावोजी, खाली घ्या ते!" मी ओरडलो.

"घेतोय रे! उतरवायचं बटण दाबलं, तर जाहिरात आली."

खरंच आली होती. पत्त्यांच्या जुगाराची. एक बाई नाचत नाचत "आजच खेळा, भरपूर जिंका" म्हणत होती, घाटभर ऐकू जाईल अशा आवाजात. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की गुरुजींनी वाकून बघितली आणि "नाही बुवा" म्हणून सरळ झाले. मी फोन हातात घेतला. बोटं ओली. पंचा ओला. फोनला माझा स्पर्श कळेना. भावोजींच्या सदऱ्याला बोट पुसून फुली दाबली, तर दुसरी जाहिरात सुरू झाली. ती संपते तोच अण्णांच्या फोनवर कोणाचा तरी सांत्वनाचा फोन आला आणि ॲप पहिल्यापासून उघडायला लागलं. ड्रोन वर तसाच. कावळे त्याच्याभोवती तसेच.

आई पुटपुटली, "रागच आहे त्यांना."

ते शब्द सगळ्यांनी ऐकले आणि घाटावर आश्वासनांची रांग लागली. कावळा शिवत नसेल, तर गेलेल्याचं काही राहिलंय असं समजून नातेवाईक शब्द देतात. आम्ही ते शब्द एका ड्रोनकडे बघून देत होतो.

"दादा, मी वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवणार नाही!" आत्या हात जोडून म्हणाली.

"अण्णा, तुमचं एकही पुस्तक रद्दीत देणार नाही," मी म्हणालो.

काही होईना. ताईने नवऱ्याकडे बघितलं. तिच्या त्या बघण्यापुढे अख्खी सोसायटी गप्प बसते.

"अण्णा," भावोजी म्हणाले, "मी अध्यक्षपद सोडतो."

वर घरघर चालूच. आणि त्याच क्षणी आत्याच्या पर्समध्ये टिंग झालं. मग भावोजींच्या खिशात. मग ताईच्या हातात. मागे उभ्या असलेल्या नातेवाइकांमध्ये ती टिंग टिंग पसरत गेली आणि शेवटी गुरुजींच्या कमरेला वाजली.

आत्याने फोन काढला, बघितला आणि किंचाळली.

"दादाचा मेसेज आलाय!"

मी ताईच्या फोनवर वाचला. पाठवणारे: अण्णा. "नमस्कार! मी आता उंच आकाशात आहे आणि खूप आनंद घेत आहे. तुम्ही कधी येत आहात? लवकर येण्यासाठी येथे दाबा."

(मागाहून समजलं की असली ॲप आपल्या वतीने सगळ्या ओळखीच्यांना आमंत्रणं धाडतात. परवानगी घेऊनच. माझी.)

"दाबू नका! कोणी काही दाबू नका!" मी पंचा सावरत ओरडत सुटलो.

"मी दाबलं," आत्या रडवेली झाली. "आता मी जाणार का रे?"

"नाही आत्या! फार तर तुझ्या फोनमध्ये ड्रोनचं ॲप येईल."

"ते काय कमी आहे?" ताई म्हणाली.

अण्णांच्या फोनवर उत्तरं यायला लागली. एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. एकाने विचारलं, "नंबर बदलला का?" अण्णांबरोबर रोज फिरायला जाणाऱ्या एका काकांनी लिहिलं, "सध्या गुडघ्यांमुळे जमणार नाही. पुढे पाहू." बिचारे बातमी कळल्यावर स्वतः भेटून गेले होते. पण अण्णांचं निमंत्रण त्यांना कधी टाळता आलं नसावं.

"श्री! बॅटरी लाल झाली!" भावोजी ओरडले.

ड्रोन एकदा कललेला दिसला, मग नदीच्या दिशेने सरकला आणि एखादा थकलेला माणूस बसावा तसा पाण्यात बसला. भावोजी काठाकडे धावले, त्यांच्यामागे मी, आमच्यामागे उरलेले आप्तेष्ट. वर्तुळं उठली, विरली. अण्णा गेले तेव्हा भावोजी रडले नव्हते. तेव्हा रडले. ड्रोनसाठी की अध्यक्षपदासाठी, ते मी विचारलं नाही.

परत आलो तर पिंडाचा वरचा भाग नव्हता.

आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. कावळे पिंपळावर जाऊन बसले होते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते.

"शिवला म्हणायचा," गुरुजी म्हणाले.

"म्हणायचा म्हणजे? तुम्ही बघितलंत ना?" मी विचारलं.

"मी... तो मेसेज वाचत होतो."

"मांजर असेल," आत्या म्हणाली.

"श्श!" ताईने तिला गप्प केलं.

मी आईकडे बघितलं. ती खुर्चीवर तशीच होती, हात मांडीवर. आता ती विचारणार, शिवला का रे. आणि ज्या एका गोष्टीसाठी डोकं भादरून इतका वेळ थंडीत कुडकुडत उभा होतो, नेमकी ती सोडून मी, थोरला मुलगा, नदीत बुडालेलं खेळणं बघायला गेलो होतो! मी जन्मभर लोकांना विचारत आलोय, "पुरावा काय?" मी आईसमोर उकिडवा बसलो आणि सरळ खोटं बोललो.

"आई, शिवला. मी स्वतः बघितला. चांगला मोठा कावळा होता. आला, भात घेतला, झाडावर गेला. राग नव्हता अण्णांचा."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने माझं ओलं डोकं पुसलं.

"दोन होते," ती म्हणाली. "एक आधी आला, दुसरा मागून. नीट बसून खाल्लं दोघांनी. तुम्ही सगळे तेव्हा तिकडे धावत होतात." मग म्हणाली, "जाऊ दे. मी होते ना इथे."

गाडीत ती कित्येक दिवसांनी झोपली, डोकं खिडकीला टेकून. मी अण्णांच्या वतीने एकेकाची माफी मागत बसलो. ते ॲप काही केल्या निघेना. पुसलं की पुन्हा उगवायचं. शेवटी अख्खा फोन कोरा करावा लागला. त्यात अण्णांनी लावलेला संध्याकाळच्या गोळीचा गजरही गेला. ते गेल्यावरही तो रोज वाजायचा आणि आई तो बंद करायला उठायची. आता त्या वेळेला घरात काहीच वाजत नाही. भावोजी म्हणतात, कावळा शिवला तो नेमका कोणाच्या आश्वासनाला, हे सिद्ध झालेलं नाही. ते अजून अध्यक्ष आहेत.

मिलिंदला मी फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. भेटायला येणाऱ्यांनाही सांगतो. कावळे कसे उतरले, कसे बिचकले, चोच कशी लावली, एकाने मान वाकडी करून आईकडे कसं बघितलं. परवा असाच सांगत होतो, पाहुणे डोळे पुसत होते, तेवढ्यात आतून आई आली.

"श्री," ती म्हणाली, "तू नव्हतास तिथे. सांग बापडा, माझी ना नाही. पण कालपर्यंत दोन होते. हा तिसरा कुठून आणलास?"