टेस्टर मॅडमच्या विषयाला पोरं मिळेनात

कुणाच्याही घरी गेल्या की मॅडम बसायच्या आधी पर्समधून टेस्टर काढायच्या. बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, रुमाल असतो, बडीशेपेची पुडी असते. यांच्या पर्समध्ये पिवळ्या मुठीचा टेस्टर. फ्रिज, कूलर, पिठाची गिरणी, जे लोखंडाचं दिसेल त्याला टोक लावून बघायच्या आणि दिवा लागला की घरच्यांची अशी काही हजेरी घ्यायच्या की विचारू नका. कोपरगावच्या आमच्या कॉलेजात त्यांना खऱ्या नावानं फक्त ऑफिसातले लोक ओळखत. पोरांसाठी त्या टेस्टर मॅडम. त्यांना हे ठाऊक होतं. "नाव ठेवायचंच होतं तर निदान कामाचं ठेवलंत," एवढंच म्हणायच्या.

बारावीला आमचे फिजिक्सचे सर आजारी पडले आणि त्यांच्या जागी या आल्या. राहात्याहून रोज स्कूटीवर यायच्या. डोक्यावरून घेतलेली ओढणी उसाच्या ट्रॉल्यांच्या धुळीनं पांढरी झालेली असायची, ती दारात झटकायच्या आणि उंबऱ्यातूनच शिकवायला सुरुवात करायच्या. "समजलं का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. नंदीबैलासारख्या माना हलवणाऱ्या पोरांची त्यांना मनस्वी चीड. "काय नाही समजलं ते सांग," म्हणायच्या, आणि सांगता आलं नाही तर सांगता येईपर्यंत उभं करायच्या. मी वर्षातला निम्मा काळ उभीच होते. पण त्या निम्म्या काळात जे डोक्यात गेलं ते अजून आहे.

रमजानात सुद्धा त्यांचा आवाज खाली यायचा नाही. रोजा आहे हे त्या सांगायच्या नाहीत, कुणी पाण्याची बाटली पुढं केली की नुसतं "नको गं, नंतर" म्हणायच्या. एकदा दुपारी शिकवता शिकवता त्यांना घेरी आली, टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि त्याच अवस्थेत फळ्याकडं बोट दाखवून एका पोराला म्हणाल्या, की बाण उलटा काढलायस, आधी तो पूस. घाबरावं की हसावं ते आम्हाला कळेना.

त्या कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवतील तितक्याचेच पैसे. सुट्टी लागली की त्या कॉलेजच्या कुणी नाहीत. एम.एस्सी., वर नेट झालेली बाई दर जूनला नव्यानं अर्ज करून उभी राहायची. वर्ष संपलं, सर बरे होऊन परत आले आणि बारावीचे तास गेले. आता उरला होता एकच आधार, पदवीच्या पहिल्या वर्षाचं फिजिक्स. त्या विषयाला पोरं मिळाली तर मॅडम राहणार, नाही मिळाली तर जाणार. इतकं सरळ होतं.

आणि नेमकी त्याच वर्षी मी बी.एस्सी. बायोमेडिकलला प्रवेश घेतला. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गावभर सांगून टाकलं होतं की पोरगी मेडिकलला लागली. मी समजावून थकले की अण्णा, डॉक्टर नाही होत यातून, तपासण्यांच्या मशिनी आणि लॅबचं शिक्षण आहे. ते म्हणाले, मेडिकल शब्द हाय ना त्यात, मग झालं. पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र सगळ्यांना सक्तीचं होतं, उरलेले दोन विषय आपण निवडायचे. सगळी पोरं डोळे झाकून जीवशास्त्र आणि पोषणशास्त्र घेत होती. पोषणशास्त्र सोपं, त्याचे सर तर सरळ सांगत की पास व्हायची काळजी तुम्ही करू नका, ती माझ्यावर सोडा. फिजिक्स म्हटलं की पोरं पळत. गणित नको म्हणूनच तर बायोकडं आलेली मंडळी ती.

आमच्याकडं दर उन्हाळ्यात मास्तर लोक पोरं शोधत घरोघर फिरतात, ते काही नवं नाही. तुकडी टिकली तर नोकरी टिकते. त्यामुळं मॅडम आमच्या दारात आल्या तेव्हा अण्णांना ओळखायला वेळ लागला नाही की बाई कशासाठी आल्यात. मॅडमनी रिवाजाप्रमाणं आधी आमच्या फ्रिजला टेस्टर लावला. दिवा लागला. आई गेले कित्येक महिने म्हणत होती की फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, आणि आम्ही सगळे तिला हसत होतो. मॅडम अण्णांवर अशा काही कडाडल्या, की पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला कुणी असं बोलत नाही. अण्णा खाली मान घालून ऐकत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं.

मग चहा घेता घेता मॅडमनी मूळ मुद्दा काढला. हृदय विजेवर चालतं, त्या विजेचीच रेघ कागदावर उमटते तिला आपण ईसीजी म्हणतो. सोनोग्राफी म्हणजे आवाज, एक्स-रे म्हणजे किरण. ज्या पोरीला यातलं काही कळत नाही ती बायोमेडिकल होऊन करणार काय. मला म्हणाल्या, "पोरी, दवाखान्यात बटन दाबायला कुणीही मिळतं. ते बटन दाबल्यावर आत काय होतं हे माहीत असणारी हो." अण्णा हूं हूं करत राहिले. मॅडमची स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली आणि ते म्हणाले, "कुठला गवळी म्हनतो माझं दूध पातळ हाय? बाईच्या पोटाचा प्रश्न हाय, म्हनून सांगती ती."

अण्णांचं दूध संकलन केंद्र. माणसं पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, फ्रिजचं पटलं, मग विषयाचं का नाही पटत? तर म्हणाले, फ्रिजमधी तिला काय मिळनार हुतं? दोन दिवस घरात धुसफूस, मी जेवले नाही, आईनं मध्ये पडून मिटवलं आणि मी फिजिक्स घेतलं.

नुसतं घेऊन थांबले नाही. मॅडमच्या स्कूटीवर मागं बसून गावोगाव फिरले. मला वाटायचं, बाई एकटी गेली तर लोक संशय घेतात, सोबत तो विषय घेतलेली पोरगी असली तर ऐकतील. कशाचं काय. प्रत्येक घरात तीच गोष्ट. पाणी यायचं, चहा यायचा, लोक मॅडमना मान द्यायचे, मोटारीचा स्टार्टर का जळतो ते विचारून घ्यायचे, त्याचं उत्तर मनापासून ऐकायचे. विषयाचं काढलं की चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू. राहात्याजवळच्या एका बागवाल्यानं तर मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, पोराला बोलावलं, पाया पडायला लावलं आणि निघताना हातात पेरूची पिशवी दिली. पिशवीभर पेरू मिळाले, पोरगं मिळालं नाही. रस्त्यात मॅडमनी गाडी थांबवली. बांधावर बसून आम्ही पेरू खाल्ले. त्यांनी त्या माणसाबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, उलट पेरू चांगला आहे म्हणाल्या.

एकदा मी चिडून म्हटलं, की मॅडम, तुम्ही पण सांगा ना सोपं आहे, पास करते, पोषणवाले सर सांगतातच की. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली. "सोपं नाहीये ते," म्हणाल्या. "सोपं आहे म्हणून आणलेलं पोर मी वर्गात उभं कसं करू?"

शेवटच्या तारखेला आम्ही मोजकी चार टाळकी भरली. प्राचार्यांनी बोलावलं. मी दाराबाहेर उभी होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. मॅडम म्हणत होत्या की सर, मला तासाचे काही देऊ नका, मी फुकट शिकवते, फक्त विषय बंद करू नका, या पोरांचं पुढं अडेल. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. खरंच नव्हते. ते म्हणाले की मॅडम, फुकट शिकवलं तरी वेळापत्रकात विषय दाखवावा लागतो, आणि चार पोरांचा विषय नियमात बसत नाही, तो मी कसा दाखवू. आम्हा चौघांना त्याच दिवशी पोषणशास्त्रात टाकलं. कुणी आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

गेटपाशी मॅडमनी स्कूटीला किल्ली लावली आणि तशाच थांबल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बोलत होते ते खरं होतं गं. फक्त सांगणारी मी होते, एवढंच चुकलं." आणि गेल्या. मी घरी येऊन अण्णांशी आठवडाभर बोलले नाही, त्यांना त्याचं कारणही कळलं नाही.

पुढची वर्षं मी पोषणशास्त्रात कोणत्या भाजीत कोणतं जीवनसत्त्व असतं ते पाठ केलं. चांगले मार्क पडले, अण्णांनी पेढे वाटले. तिसऱ्या वर्षाला आम्हाला नगरच्या एका दवाखान्यात शिकायला पाठवलं. तिथल्या सोनोग्राफीच्या टेक्निशियननं पहिल्याच दिवशी विचारलं की पोट बघायला हा प्रोब लावतात आणि गळा बघायला तो, असं का? आम्ही सगळे पदवीच्या उंबरठ्यावरचे, पांढरे कोट घातलेले, आणि एकालाही उत्तर येईना. त्यानं दुसरा प्रश्न विचारायचे कष्ट घेतले नाहीत. आमची नेमणूक पेशंटच्या पोटावरची जेल पुसायला आणि नावं पुकारायला झाली. मी महिनाभर नावं पुकारली. पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. जिथं जाईन तिथं आधी मशिनीचं विचारतात.

यंदा धाकट्या बहिणीनं, पूजानं, बारावीनंतर बायोमेडिकलच घ्यायचं ठरवलं. मी अण्णांना जीव तोडून सांगितलं की नगरच्या कॉलेजात फिजिक्स आहे, तिकडं घाला तिला. अण्णा म्हणाले, तू घेतलंच हुतं ना फिजिक्स, काय झालं तुजं? ते मला शिकायलाच मिळालं नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मग कुणीतरी त्यांना राहात्यातल्या एका प्रवेश मार्गदर्शन केंद्राचं नाव सांगितलं. तिथली बाई म्हणे फार शिकलेली आहे आणि नीट सल्ला देते. आम्ही तिघं गेलो.

काचेच्या टेबलामागं मॅडम बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र. मला बघून एक क्षण त्यांचा हात थांबला, मग त्यांनी पूजाला बसायला सांगितलं आणि शांत, गोड आवाजात सगळं समजावलं. केंद्रानं ज्या कॉलेजांशी कमिशन ठरवलंय त्यांचीच नावं घेतली. विषय जीवशास्त्र आणि पोषणशास्त्र घे म्हणाल्या. पूजानं भीत भीत फिजिक्सचं विचारलं. "फिजिक्स नको घेऊस बाळा, अवघड जातं," मॅडम म्हणाल्या. शेवटी विचारलं, "समजलं का?" पूजानं मान हलवली. मॅडमनी पुढचं काही विचारलं नाही.

अण्णा आणि पूजा बाहेर गेले. मी मागं राहिले. भांडायचं म्हणूनच राहिले होते, पण तोंडातून नुसतं "मॅडम" एवढंच आलं.

"खरं सांगून तुझं तरी काय भलं केलं मी?" त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, आवाज मात्र तसाच गोड ठेवला होता, कारण बाहेर पुढचं गिऱ्हाईक बसलं होतं. मी पाया पडले आणि निघाले.

एसटी स्टँडवर अण्णा फार खुशीत होते. पूजाला उसाचा रस पाजला, मलाही घेतला. अण्णांनी मॅडमना ओळखलं होतं. "फ्रिजवाली बाई ना ती?" म्हणाले. "तवा स्वतःच्या पोटासाठी बोलत हुती. आता बघ, कशी खरं बोलली."