गगननगरीच्या राजाचा रंग

हट्टा गावाच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात मुंजाजी न्हावी दाढ्या करायचा आणि जत्रेच्या नाटकात तोंडंही रंगवायचा. वस्तरा धरताना बिनघोर असलेल्या या माणसाचा जीव रंग कालवताना मात्र टांगणीला लागे. पंच्याहत्तर सालच्या जत्रेत तर फारच लागला.

नाटक किशनराव पाटलांनी स्वतः रचलेलं. आभाळात गगननगरी, तिचा राजा खुद्द पाटील, राणी आधीच मेलेली, आणि पृथ्वीवर हरवलेला राजपुत्र म्हणजे बौद्ध वस्तीतला सोनाजी. त्याच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. पण रंगानं सावळा, चांगलाच सावळा. आदल्या वर्षी त्याला सफेदा फासला, तर घामाचे ओघळ निघाले आणि "पिठात पडलं की रं!" म्हणत लोक लोळून हसले. सोनाजीनं नाटकच सोडलं. "औंदा सफेदा लावनार न्हाई," असा शब्द देऊन मुंजाजीनं त्याला कसाबसा परत आणला होता. पुन्हा हसं झालं तर हा गळा कायमचा जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाटील म्हणाले, "गगननगरीची मानसं गोरीच असत्यात. लाव सफेदा."

जणू कालच तिथं जेवून आले होते!

मुंजाजीला घास गोड लागेना. शब्द मोडावा तर सोनाजी जातो, आणि राजा गोरा नि पोरगा सावळा ठेवला तर लोक बिचाऱ्या मेलेल्या राणीवर संशय घेतात. शेवटी त्यानं नको ते धाडस केलं. रंग चढल्यावर खेळ संपेपर्यंत नटानं आरसा बघायचा नाही, हा त्याच्या बापापासूनचा नियम. पाटलांनी डोळे मिटले आणि मुंजाजीनं गेरूत काजळ कालवून त्यांचं तोंड सोनाजीच्या रंगाचं करून टाकलं. हात तसेच राहिले. "शेल्यात ठिवा, राजाला शोभतंय," म्हणत त्यानं शेला त्यांच्या हातांवर ओढला. बाकीच्यांना वाटलं, पाटलांचाच हुकूम असेल. विचारणार कोण?

गॅसबत्ती मिळाली नाही म्हणून खेळ भर दुपारी लागला. बापलेकाच्या भेटीचा प्रसंग आला, तसा मुंजाजीनं पडद्याच्या फटीला डोळा लावला. तालमीत पाटील चार हात लांबूनच आशीर्वाद देत. सोनाजीनं सूर लावला आणि समोर बसलेली म्हातारी जनकाबाई ओरडली, "अगं माय, लेकरू बराबर बापावर गेलंय की!"

कुणी हसलं नाही. बायांनी पदर डोळ्यांना लावले. पाटलांना वाटलं, ही आपल्या अभिनयाचीच किमया! ते भरात आले, पुढं धावले आणि त्यांनी सोनाजीला छातीशी घट्ट धरलं.

खेळ संपला. पाटलांच्या हाती आरसा देऊन मुंजाजी दोन पावलं मागं सरला. पाटलांनी बघितलं आणि ते खो खो हसले. "लबाडा! पर जमलं."

मुंजाजीचा जीव भांड्यात पडला. रंग काढायला त्यानं खोबरेल पुढं केलं.

"तेल राहू दे," पाटील म्हणाले. "आधी डोक्यावरून पानी वत. शिवाशिव झाली."

सोनाजी मुकुट हातात घेऊन मागंच उभा होता.

पुढच्या जत्रेला मुंजाजी वस्तीत गेला. "चाल गड्या, आता कुनी हसनार न्हाई तुला," तो म्हणाला.

"हसन्याची तकलीफ न्हाई, तात्या," सोनाजी म्हणाला. "पर मी आता इथंच गाऊन राहिलो. इथं गानं झाल्यावर कुनाला आंघोळ करावी लागत न्हाई."