नेच्यांच्या घरातल्या बाई

सोलापुरातल्या एका वनस्पती उद्यानात नेच्यांसाठी, म्हणजे फर्नसाठी, हिरव्या जाळीचं घर आहे. एका एप्रिलात मी सावली बघून आत शिरलो आणि म्हणालो, "बापरे, काय ऊन!"

कुंड्यांवर पाणी फवारणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "त्यो शब्द हितं काढू नगा. ही झाडं कोकणातनं आणल्यात. अजून तितंच हाव, असं वाटतंय त्यास्नी."

बाई जवळच्या कुंभारी गावाहून यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. पण जाता-येता आत डोकावू लागलो.

मे महिन्यात वावटळीनं जाळी फाटली. मी पोचलो तेव्हा बाई सगळ्यात नाजूक नेच्यावर छत्री धरून उभ्या होत्या, स्वतः उन्हात. मला बघताच त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि बाकीच्या कुंड्यांसाठी ओली पोती आणायला धावल्या. संध्याकाळी नवी जाळी येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. येणारे-जाणारे हसत होते.

तरी नेच्याची सगळी पानं करपली. मला वाटलं, गेला.

पावसाळ्यात बाईंनी लांबूनच हाक मारली. कुंडीच्या मधोमध हिरवा, गुंडाळलेला कोंब वर आला होता.

"तुमी छत्री धरली व्हती, तवा तुमी ह्येचं मामा," बाई म्हणाल्या, "आन् मामा रिकाम्या हातानं येतोय व्हय?"

मी ओशाळून हसलो. त्यांनी नळाखालची भरलेली बादली दाखवली.