मशीनसाठी आवरलेलं घर

आमच्या घरात दिवा लागला की दारं बंद होत. पहिले देवाजवळ दिवा, मग समोरचं दार, मग नालीकडची खिडकी, अन् मग सासऱ्यांच्या हातातला मच्छर मारायचा स्प्रे. पलंगाखाली, पडद्यामागं, कपाटाच्या फटीत. वरून कॉइल. कॅम्प-1 या कामगार वस्तीतलं दोन खोल्यांचं घर आमचं, तो वास जाईन तरी कुठं? सात वर्षाची माझी पोरगी गृहपाठ करता करता खोकत राहायची, अन् मी पोळ्या लाटता लाटता तिचा खोकला ऐकत राहायची.

"बाबा, पोरीले त्रास होते ना," मी म्हणायची.

"खोकल्यानं कोणी मरत नाही, सूनबाई. मच्छरानं मरते."

सासूबाई डेंग्यूनंच गेल्या, पाच दिवसांत. तेव्हापासून बाबांनी मच्छरासोबत दुश्मनीच मांडली होती. मले त्यांची दया यायची अन् रागही यायचा, दोन्ही एकदम. नवरा कुम्हारीच्या कारखान्यातून थकून यायचा अन् म्हणायचा, "बाबाले तूच सांग." वा रे वा! बाप कोणाचा, अन् सांगायचं कोणी?

डॉक्टरनं स्प्रे, कॉइल बंद करायले सांगितलं होतं. बाबांनी तेही ऐकलं नाही. "डॉक्टर अंदाजानं बोलते. मी उभा जन्म स्टील प्लांटमधे काढला. आकडा दाखवा मले, त्या दिवशी डब्बा फेकून देईन." बाबा एकदा बोलले की बोलले, फिरायचे नाहीत. म्हणून मी त्या आकड्याच्या मागं लागली.

पोरीच्या शाळेत पालकांच्या मीटिंगमधे कॉलेजची एक मुलगी आली. घरातल्या हवेत स्प्रे-कॉइलचं औषध किती राहते, हे ती मोजून राहिली होती, त्याच्यासाठी घरं पाहिजे होती. मी सगळ्यात पहिले हात वर केला. तिनं बजावून सांगितलं, "दीदी, रोज जैसे रहते हैं, बस वैसे ही रहना." मी घरी येऊन तसंच सांगितलं. पण बाबांनी त्यातला एकच शब्द धरला, तपासणी.

अन् ज्यानं जन्मभर प्लांटमधे साहेबांच्या व्हिजिटा पाहिल्या, त्याले तपासणी म्हणजे काय ते कोणी शिकवावं? साहेब येणार म्हटलं की तिथं रस्त्याच्या दगडाले गेरू-चुना लागायचा, सांडलेल्या तेलावर रेती पडायची. मशीन येणार त्या दिवशी बाबांनी सकाळीच स्प्रेचे डब्बे अन् कॉइल शेजारी नेऊन ठेवले. दारं-खिडक्या उघडल्या, दोन्ही पंखे फुल्ल. "घराची इज्जत आहे," म्हणे.

अन् मी? मी भैताडावानी, अक्कल नसल्यासारखी त्यांच्यासोबत लागली! पडदे मीच धुतले. पलंग सरकवून फरशी मीच पुसली, कपाटं मीच पुसली. घरी बाहेरचं माणूस येऊन राहिलं म्हटलं की बाईचे हात चालतेच, डोकं मागून येते. ओले पडदे दोरीवर टाकताना मले समजलं, मी काय करून बसली ते. तोवर ती मुलगी दारात उभी होती.

तिनं पोरीच्या नाकाच्या उंचीचा स्टूल मागितला, त्यावर छोटंसं मशीन ठेवलं. ते घुर्र घुर्र करत हवा ओढत बसलं. दिवा लागला. मी बाबांकडं पाहिलं. बाबा पायावर चादर घेऊन खुर्चीत बसले होते, दार सताड उघडं, अन् हातानं मच्छर मारून राहिले होते. पोरगी त्या संध्याकाळी दोनदाच खोकली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी फॉर्म घेऊन बसली. "कल का दिन रोज जैसा ही था ना?" बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. नवरा खाली पाहून राहिला. आपलेच दात अन् आपलेच ओठ! परक्या पोरीसमोर सासऱ्याले खोटं पाडू? मी म्हटलं, "हां जी, रोज जैसा." खाली सही केली.

काही आठवड्यांनी कागद आला. हवेत औषध नावालेच होतं. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला, अन् इतके खूश झाले की मले बोलल्याशिवाय राहवलंच नाही.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही स्प्रे मारलाच कुठं होता?"

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तं बरं झालं असतं. त्यांनी कागदाच्या मागं जोडलेला फॉर्म काढला, त्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलं आहे? रोजच्यासारखा दिवस. सही कोणाची आहे, सूनबाई?"

सही माझी होती. बाबा उठले, दार लावलं, खिडकी लावली, अन् स्प्रे घेऊन पलंगाखाली वाकले. पोरगी वहीत तोंड घालून खोकली, मग माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "मम्मी, ती दीदी मशीन घेऊन रोज नाही येऊ शकत का?"